पैलिनचे चौऱ्याऐंशी तास

मलेरियाच्या औषधांवर काम करणाऱ्या माणसाला पैलिन कुठे आहे हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर पश्चिम कंबोडियातला, थायलंडच्या सीमेला चिकटलेला डोंगरपायथ्याचा मुलूख. माणिक-नीलमाच्या खाणी, भोवती जंगल, आणि आता मका आणि कसाव्याची शेतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मलेरियाची जी मोठी औषधं निकामी झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या पडझडीची पहिली चिन्हं याच पट्ट्यात किंवा त्याच्या शेजारीपाजारी दिसली. क्लोरोक्विन गेलं, सल्फाडॉक्सिन-पिरिमेथामिनची जोडी गेली, मेफ्लोक्विन गेलं. हे प्रकरण चौथ्या औषधाचं, म्हणजे आर्टेमिसिनिनचं आहे. ते बाकीच्यांसारखं सरळ 'गेलं' नाही, म्हणूनच ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

जुलै २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आर्येन डोंडॉर्प आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. दोन ठिकाणचे प्रत्येकी ४० रुग्ण त्यात होते. एक ठिकाण पैलिन, दुसरं वायव्य थायलंडमधलं वांग फा. सगळ्यांना फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया झालेला, पण गुंतागुंत नसलेला. निम्म्यांना सात दिवस नुसतं आर्टेसुनेट दिलं, निम्म्यांना तीन दिवस आर्टेसुनेट आणि मग मेफ्लोक्विन. आर्टेसुनेट हे आर्टेमिसिनिनपासून बनवलेलं औषध. वांग फामध्ये रक्तातून जंतू नाहीसे व्हायला लागलेल्या वेळेचा मध्यक निघाला ४८ तास. पैलिनमध्ये तो ८४ तास होता.

हे आकडे निघतात कसे, ते एकदा जवळून पाहायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. रुग्णाला दवाखान्यात ठेवून घ्यायचं. औषध सुरू केल्यावर दर काही तासांनी, रात्री-अपरात्रीही, रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर जाड थर पसरायचा, वाळवायचा, गिम्सा रंगात रंगवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजत जायचं आणि तेवढ्या पेशींमागे किती जंतू दिसले ते लिहायचं. त्यावरून एका मायक्रोलिटर रक्तात किती जंतू असतील याचा हिशेब निघतो. एका रुग्णाच्या अशा दहा-पंधरा पट्ट्या होतात. त्यातून उतरता आलेख मिळतो. वांग फाचा आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा खाली येतो, पैलिनचा घाटातून उतरावा तसा. शेवटी दोन्ही शून्यावर पोचतात.

आणि घोळ इथेच झाला. औषध चालत होतं. नुसतं आर्टेसुनेट घेतलेल्या पैलिनच्या २० रुग्णांपैकी ६ जणांचा मलेरिया पुन्हा उलटला, वांग फामध्ये २० पैकी २ जणांचा. पण ज्यांना मेफ्लोक्विनची जोड मिळाली, त्यांच्यात दोन्हीकडे २० पैकी एकेकच अपयश आलं. मग प्रतिरोध म्हणायचा कशाला? औषध उशिरा चाललं म्हणून? काही शास्त्रज्ञांनी हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं लावून धरला. त्यांचं म्हणणं निव्वळ खुसपट काढणं होतं असं नाही. रुग्णाला शेवटी बरं वाटतं की नाही हीच डॉक्टरची कसोटी असते, आणि त्या कसोटीवर पैलिनमधलं जोडऔषधाचं उत्तर अजून 'हो' असंच होतं.

उशिराची किंमत

उशीर का महाग पडतो ते हिशेबातच कळतं. फाल्सिपॅरम जंतू तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशींत शिरतो. हे एक चक्र साधारण ४८ तासांचं. आजारी माणसाच्या अंगात एकूण जंतू एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. आर्टेमिसिनिन पूर्ण जोमात असतं तेव्हा एका चक्रात जंतूंची संख्या दहा हजार पटींनी खाली येते. सर्रास वापरातलं दुसरं कुठलंच मलेरियाचं औषध या वेगाच्या जवळपास जात नाही. तीन दिवसांच्या उपचारात अशी दोन चक्रं सापडतात. म्हणजे एक लाख कोटींचे पहिल्या चक्रानंतर दहा कोटी, दुसऱ्यानंतर दहा हजार. उरलेल्या दहा हजारांचा समाचार जोडऔषध, म्हणजे सोबत दिलेलं मेफ्लोक्विनसारखं दुसरं औषध, घेतं, कारण ते रक्तात कित्येक दिवस, काही वेळा आठवडे टिकतं. आर्टेमिसिनिनची औषधं काही तासांतच शरीरातून निघून जातात.

आता समजा जंतू दहा हजार पटींऐवजी शंभर पटींनीच घटले. दोन चक्रांनंतर दहा हजारांच्या जागी दहा कोटी उरतात. जोडऔषधाच्या वाट्याला दहा हजार पट काम आलं. ते दणकट असेल तर हेही काम ते निभावतं आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. पण दहा कोटींमध्ये जोडऔषधालाच दाद न देणारा एखादा जंतू निघण्याची शक्यता दहा हजारांमध्ये निघण्यापेक्षा किती तरी जास्त. शिवाय जास्त वेळ जिवंत राहिलेले जंतू डासाला जास्त वेळ मिळतात. थोडक्यात, पैलिनमध्ये आर्टेमिसिनिन ढिलं पडलं तेव्हा पहिला भार पडला तो त्याच्या सोबत्यावर. पुढे जे झालं त्याची सगळी तयारी या हिशेबात होती, आणि तो हिशेब २००९ मध्येच समोर होता.

हीच जागा का

पैलिनमधल्या खाणींवर पूर्वीपासून बाहेरून माणसं येत. बर्मातून आलेले कोला लोक तर एकोणिसाव्या शतकापासून तिथे रत्नं खणत होते. मलेरियाला न सरावलेला माणूस जंगलात उतरला की आजारी पडणारच. १९५० च्या दशकाच्या शेवटी याच सीमेवर क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपॅरम आढळला. त्याच सुमारास कोलंबियातही तो स्वतंत्रपणे उगवला होता. पैलिनमध्ये १९६० च्या आसपास एक प्रयोग झाला: ब्राझीलच्या मारियो पिनोती यांच्या कल्पनेप्रमाणे खायच्या मिठातच औषध मिसळून वाटायचं, आधी पिरिमेथामिन, मग क्लोरोक्विन. आज हे वाचताना डोक्याला हात लावावासा वाटतो. जेवणाच्या मिठातून कोणाला किती औषध जाणार? गावच्या गाव थोड्या थोड्या मात्रेवर राहिलं. तणनाशक अर्धवट फवारलं की शेतात काय उरतं हे कुठलाही शेतकरी सांगेल.

इथून निघालेल्या क्लोरोक्विनरोधी जंतूंची वंशावळ पुढे आफ्रिकेत पोचली. १९७८ मध्ये पूर्व आफ्रिकेत असा जंतू पहिल्यांदा सापडला, आणि पुढच्या दोन दशकांत तिथल्या लहान मुलांचे मलेरियाने होणारे मृत्यू वाढले. भारतात त्याआधीच, १९७३ मध्ये, आसामातल्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विन निकामी ठरल्याची पहिली नोंद झाली. सल्फाडॉक्सिन-पिरिमेथामिनचंही तेच: आफ्रिकेत पसरलेले पिरिमेथामिनरोधी जंतू मोठ्या प्रमाणावर आग्नेय आशियातल्याच वंशाचे निघाले. म्हणून २००९ मध्ये 'पैलिन' हे नाव पुन्हा ऐकल्यावर जगभरच्या मलेरियावाल्यांच्या पोटात गोळा आला, तो उगाच नाही.

खाणी आणि मीठ ही कारणं झाली जुनी. नव्या काळातली कारणं वेगळी होती, आणि माझ्या मते जास्त वजनदार. पैलिन हा ख्मेर रूज या कंबोडियातल्या कट्टर कम्युनिस्ट बंडखोरांचा बालेकिल्ला. १९९६ मध्ये त्यांचा नेता इएंग सारी आणि त्याचे लोक सरकारला मिळाले तोवर तिथे सरकारी आरोग्यसेवा अशी नव्हतीच. जी होती ती खाजगी दुकानं. तिथे ताप आलेल्या माणसाला तीन-चार रंगांच्या गोळ्या एका पुडीत बांधून मिळत: एक तापाची, एक जीवनसत्त्वाची, एखादी मलेरियाची, तीही एक-दोन दिवसांपुरतीच. खिशात तेवढेच पैसे असत. नुसती आर्टेमिसिनिनची औषधं त्या भागात सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून मिळत होती. कंबोडियाने २००० मध्ये आर्टेसुनेट-मेफ्लोक्विन ही जोडी पहिल्या पसंतीचा उपचार म्हणून जाहीर केली, आग्नेय आशियात बऱ्याच आधी. पण मेफ्लोक्विनने मळमळतं, चक्कर येते, आणि ते महागही होतं. लोक आर्टेसुनेट तेवढं घेत. दुकानदारही तेवढंच देत.

त्यात बनावट औषधांची भर. त्या दशकाच्या सुरुवातीला आग्नेय आशियातल्या बाजारातून आर्टेसुनेट म्हणून विकत घेतलेल्या पाकिटांची तपासणी झाली. एका पाहणीत १८८ पैकी ५३ टक्के पाकिटं खोटी निघाली. होलोग्रामसुद्धा नकली. ज्या खोट्या गोळीत आर्टेसुनेट अजिबात नाही, तिने रुग्ण मरतो, पण जंतूला शिकवण मिळत नाही. जिच्यात थोडंसं घातलंय, तपासणीच्या रंगचाचणीत पास होण्यापुरतं, ती प्रतिरोधाच्या दृष्टीने खरी घातक. अशाही गोळ्या सापडल्या होत्या.

आणखी एक कारण ऐकायला उलटं वाटतं. पैलिनमध्ये मलेरिया आफ्रिकेच्या मानाने कमी होता. आफ्रिकेतल्या गावात माणसाला वर्षातून कितीदा तरी डास जंतू टोचतो. त्याला अर्धवट प्रतिकारशक्ती येते, आणि अंगात लक्षणांशिवाय जंतू वावरत असतात, म्हणजे औषध न पाहिलेले जंतूच बहुसंख्य. कंबोडियात जंतू शिरला की माणूस आजारी पडतो, आजारी पडला की गोळी घेतो. जवळजवळ प्रत्येक जंतूला औषधाला तोंड द्यावं लागतं. शिवाय एका रुग्णात सहसा एकच वाण असतो, त्यामुळे डासाच्या पोटात तो स्वतःशीच संकर करतो आणि त्याने जमवलेले जनुकीय बदल विखुरले जात नाहीत.

चुकलेला अंदाज आणि बरोबर चाचणी

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच पैलिनमध्ये आर्टेसुनेट-मेफ्लोक्विनची अपयशं इतर प्रांतांपेक्षा जास्त दिसत होती. दोष गेला मेफ्लोक्विनच्या माथी, आणि तो अर्धा रास्तही होता. मेफ्लोक्विनला दाद न देणाऱ्या जंतूंत एमडीआर-१ या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात, आणि त्या पश्चिम कंबोडियात भरपूर होत्या. त्यामुळे आर्टेमिसिनिनवर संशय घ्यायला उशीर झाला. २००८ मध्ये हॅराल्ड नोएडल आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या बट्टंबांग प्रांतातल्या रुग्णांवरून पहिलं पत्र प्रसिद्ध केलं, पाठोपाठ डोंडॉर्प यांचा अभ्यास आला.

तरी एक कोडं होतंच. रुग्णाच्या अंगात हळू मरणारे हे जंतू प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत अगदी सामान्य दिसत. त्या चाचणीत जंतूंना औषधात दोन-तीन दिवस भिजत ठेवतात आणि निम्मी वाढ किती मात्रेला थांबते ते पाहतात. पण माणसाच्या रक्तात हे औषध दोन दिवस राहतच नाही. चाचणी जो प्रश्न विचारत होती तो रुग्णाच्या शरीरात उद्भवतच नव्हता. २०१३ मध्ये नॉम पेन्हच्या पाश्चर संस्थेतल्या दिदिए मेनार यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी वेगळी चाचणी बसवली. पेशीत शिरून तीन तासही न झालेले कोवळे, अंगठीच्या आकाराचे जंतू घ्यायचे, त्यांच्यावर ७०० नॅनोमोलर डायहायड्रोआर्टेमिसिनिन (आर्टेमिसिनिनचंच एक रूप) फक्त सहा तास सोडायचं, धुऊन टाकायचं आणि तीन दिवसांनी किती जगले ते मोजायचं. साध्या जंतूंतला शंभरात एखादाही जगत नाही. पैलिनचे कित्येक पटींनी जगले. प्रतिरोध जंतूच्या सगळ्या आयुष्यभर नव्हता, तो त्या सुरुवातीच्या काही तासांत होता.

जनुक सापडण्याची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुरेख वाटते. फ्रान्समध्ये फ्रेडेरिक आरिए, फ्रँस्वाज बेनुआ-विकाल आणि सहकाऱ्यांकडे टांझानियातून आलेला फाल्सिपॅरमचा एक जुना वाण होता. त्याला आर्टेमिसिनिनच्या वाढत्या मात्रा देत देत त्यांनी पाच वर्षं पोसलं. जे तगले त्यांच्या आणि मूळ वाणाच्या जनुकसंचातला फरक शोधला, तर मोजक्या जनुकांत बदल निघाले. त्यातला एक, तेराव्या गुणसूत्रावरच्या के-१३ नावाच्या जनुकातला, कंबोडियातल्या जंतूंशी ताडून पाहिला तेव्हा ताळा जमला. तोच बदल नव्हे, पण त्याच जनुकाच्या त्याच भागातले बदल, आणि त्यात सी५८०वाय नावाचा बदल सर्वांत पसरलेला. जानेवारी २०१४ मध्ये हे 'नेचर'मध्ये आलं. आता रुग्णाला दवाखान्यात ठेवून रात्रभर बोटं टोचायची गरज उरली नाही. कागदावर वाळवलेला रक्ताचा एक ठिपका पुरे झाला.

के-१३ नेमकं करतं काय, हे कळायला आणखी काही वर्षं लागली. जंतू तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन गिळून पचवतो. त्या पचनातून सुटलेलं लोहयुक्त हीम आर्टेमिसिनिनच्या रेणूतला पेरॉक्साइडचा पूल तोडतं, आणि तेव्हाच औषध विखारी होतं. के-१३ मध्ये बिघाड झालेला कोवळा जंतू हिमोग्लोबिन कमी गिळतो. उपाशी राहतो, म्हणून औषध पेटत नाही. गोळीचा असर ओसरला की तो पुन्हा खाऊ लागतो. उपासाची किंमत त्यालाही मोजावी लागते, वाढ मंदावते. जिथे सगळीकडे औषध आहे तिथे ती किंमत परवडते, एवढंच.

वेढा घालायची मोहीम

२००९ मध्ये कंबोडिया-थायलंड सीमेवर प्रतिरोध रोखण्याची मोहीम सुरू झाली. नकाशावर पैलिन आणि आसपासचा भाग पहिला पट्टा, त्याभोवतीचा दुसरा. जागतिक आरोग्य संघटना, दोन्ही देशांचे मलेरिया विभाग, गेट्स फाउंडेशनचा पैसा. कल्पना अशी की हा जंतू इथेच गाठायचा आणि इथेच संपवायचा. नुसत्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर कंबोडियाने बंदी घातली, दुकानांवर छापे पडले. गावागावांत मलेरिया कार्यकर्ते नेमले. ते गावातलेच, झटपट तपासणीची पट्टी वापरून तिथल्या तिथे निदान करणारे आणि फुकट पूर्ण उपचार देणारे. औषधलेपित मच्छरदाण्या वाटल्या.

मच्छरदाणीचा उपयोग मात्र मर्यादित राहिला. तिथला मुख्य डास अॅनोफिलीस डायरस हा जंगलातला, आणि तो संध्याकाळीच, उघड्यावर चावतो. लाकूडतोड्या तेव्हा झोपलेला नसतो, आणि झोपतो तो झाडाला बांधलेल्या झोळीत. म्हणून झोळीला बसतील अशा जाळ्या बनवाव्या लागल्या. मका काढणीला येणारे मजूर हंगामापुरते येत, कोणाच्याही यादीत नसत. त्यांच्यासाठी फिरते कार्यकर्ते नेमले. अवैध लाकूडतोड करणारा माणूस मात्र सरकारी माणसाला जंगलात कुठे झोपतो ते सांगणार नाही, हे उघड आहे.

प्रायमाक्विनच्या एका मात्रेचं त्याहून बिकट झालं. ती मात्रा जंतूच्या डासात जाणाऱ्या रूपांना मारते, म्हणजे प्रतिरोधी वाण पुढे पसरण्यावरच घाव. पण कंबोडियात जी-६-पी-डी या विकराची कमतरता बऱ्याच लोकांत असते आणि अशा माणसाच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटू शकतात. त्या भीतीपायी डॉक्टर हात आखडत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मात्रा किलोमागे पाव मिलिग्रॅमवर आणून 'चाचणीशिवायही द्या' असं सांगितलं. तोवर मोलाची वर्षं गेली होती.

सोबती कोसळला

पैलिन भागात मेफ्लोक्विनची अपयशं पाहून कंबोडियाने जोडी बदलली होती: डायहायड्रोआर्टेमिसिनिन आणि पिपेराक्विन. गोळी चांगली, लोकांना सोसणारी, दिवसातून एकदाच घ्यायची. दहा कोटी जंतूंचा भार आता पिपेराक्विनवर आला. २०१२ ते २०१४ दरम्यान कंबोडियाच्या तीन प्रांतांत झालेल्या अभ्यासात पश्चिमेच्या पुर्सात प्रांतात ४६ टक्के रुग्णांत उपचार फसला, उत्तरेच्या प्रेआह विहेअरमध्ये १६ टक्के, आणि पूर्वेच्या रतनकिरीत जेमतेम २ टक्के. नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाणारी ही शिडी म्हणजे पुढच्या काही वर्षांचं वेळापत्रकच होतं.

पिपेराक्विनला टिकणाऱ्या जंतूंत प्लाझमेप्सिन २ आणि ३ या जनुकांच्या जास्तीच्या प्रती सापडल्या. सी५८०वायचा एक वाण आणि हे प्लाझमेप्सिन एकाच जंतूत एकत्र आले. हा वंश २००८ च्या सुमारास पश्चिम कंबोडियात तयार झाला असं जनुकसंचांच्या तुलनेवरून दिसतं. तो ईशान्य थायलंड, दक्षिण लाओस आणि व्हिएतनाममध्ये शिरला आणि वाटेतल्या इतर वाणांना हटवत गेला. वर्तमानपत्रांनी त्याला 'सुपर मलेरिया' करून टाकलं. जंतू जास्त जीवघेणा झाला नव्हता, फक्त तिथे मिळणाऱ्या गोळीला पुरून उरत होता. २०१५ नंतरच्या मोठ्या चाचण्यांत या गोळीने कंबोडिया, थायलंड, व्हिएतनाममध्ये मिळून निम्मेच रुग्ण बरे झाले. ईशान्य थायलंडमध्ये आठांतला एक.

म्हणजे वेढा फुटला. माझ्या मते तो बांधतानाच कच्चा होता. सगळं लक्ष आर्टेमिसिनिनवर होतं. सोबत्याची तब्येत पाहायची व्यवस्था मोजकीच होती, आणि पुरावा दिसल्यापासून देशाचं धोरण बदलेपर्यंत वर्षं लोटली.

कंबोडियाने मग जे केलं त्यात नवं काहीच नव्हतं. ते मेफ्लोक्विनकडे परत गेले, आधी काही प्रांतांत आणि २०१७ पर्यंत देशभर. मधल्या वर्षांत मेफ्लोक्विनचा दाब उठल्यामुळे एमडीआर-१ च्या जास्तीच्या प्रती असलेले जंतू मागे पडले होते, आणि पिपेराक्विनरोधी वंशात त्या सहसा नसतच. टाकून दिलेलं औषध पुन्हा चालू लागलं. यात मुंबईचाही हात आहे. आर्टेसुनेट आणि मेफ्लोक्विन एकाच गोळीत बसवण्याचं काम ब्राझीलच्या फार्मांगिन्योस या सरकारी संस्थेत झालं, तिथून ते तंत्र सिप्लाकडे आलं, आणि सिप्लाच्या गोळीला २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. दोन्ही औषधं एकाच गोळीत असली की आर्टेसुनेट खाऊन मेफ्लोक्विन फेकून द्यायची सोय उरत नाही. दहा वर्षं आधी पैलिनच्या दुकानांत हेच हवं होतं. डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विनमध्येच मेफ्लोक्विन घालून तीन औषधांचा उपचारही तपासला गेला, आणि तो ९८ टक्के रुग्णांत यशस्वी ठरला.

आणि मलेरियाचं काय झालं? तो घटला. २०१८ पासून कंबोडियात मलेरियाने मृत्यू नोंदला गेलेला नाही आणि फाल्सिपॅरमच्या केसेस अगदी थोड्या उरल्या. प्रतिरोधी जनुक रोखायची मोहीम हरली, पण तिच्या पैशातून उभे राहिलेले गावचे कार्यकर्ते, तपासणीची पट्टी आणि फुकटची पूर्ण गोळी यांनी मलेरियालाच जमिनीवर आणलं. यशाचं श्रेय वेढ्याला देणारे अहवाल वाचले की जरा हसू येतं. वेढ्याच्या नावाने मिळालेल्या पैशातून साधी प्राथमिक आरोग्यसेवा उभी राहिली, काम तिने केलं.

वेढ्याच्या कल्पनेतलं गृहीतक असं होतं की प्रतिरोध पैलिनमधून निघून क्लोरोक्विनच्या वाटेने आफ्रिकेत जाईल. तसं झालं नाही. २०२० मध्ये रवांडातून आर५६१एच हा के-१३ चा बदल नोंदला गेला, मग युगांडातून ए६७५व्ही आणि सी४६९वाय, इरिट्रियातून आर६२२आय. रवांडाच्या जंतूंची कुळी तपासली तर ती आफ्रिकेतलीच निघाली. पैलिनला कितीही तटबंदी केली असती तरी रवांडात जे उगवलं ते उगवलंच असतं.

भारताकडे यातून पाहायचं ते काय? पश्चिम बंगालमध्ये के-१३ चे बदल असलेले, हळू मरणारे जंतू नोंदले गेले आहेत. त्यावर लक्ष हवंच. पण आपली जोडी कोणती ते आधी पाहा. देशभर फाल्सिपॅरमला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पिरिमेथामिन द्यायचं धोरण २०१० मध्ये लागू झालं. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीत, आणि तिथे आशाताईच्या पिशवीत वयाप्रमाणे रंगाची पाकिटं असतात. मोठ्या माणसाचं पांढरं: तीन दिवस रोज आर्टेसुनेटची एक गोळी, आणि पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पिरिमेथामिनच्या दोन. या दोन गोळ्या म्हणजे आपला सोबती, आणि तो तोच आहे ज्याला आग्नेय आशियाने कधीच सोडलं. ईशान्येकडच्या राज्यांत २०१३ मध्ये उपचार बदलून आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही आर्टेमिसिनिनची दुसरी जोडी आणावी लागली, ती आर्टेसुनेट फसलं म्हणून नव्हे. सल्फाडॉक्सिन-पिरिमेथामिन ज्या विकरांवर घाव घालतं, त्यांच्या डीएचएफआर आणि डीएचपीएस या जनुकांत तिथल्या जंतूंमध्ये बदल साठले होते आणि त्या औषधाचं चालेना. मध्य भारतात ही जोडी अजून चांगली चालल्याचे अभ्यास आहेत. गडचिरोलीच्या काचपट्ट्यांतून के-१३ शोधायचं असेल तर जरूर शोधावं, पण रक्ताचा तोच ठिपका आधी डीएचएफआर-डीएचपीएससाठी तपासायला द्यावा, आणि पाकीट संपवलेल्या रुग्णाची पट्टी तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा घ्यावी.